मास्तरांचा तह

अचलपुरात आमच्या गल्लीत इतिहासाचे एक निवृत्त मास्तर राहतात. चहाच्या ठेल्यावर बशीला विजापूर आणि कपाला विजयनगर करून ते समजावतात, "धर्म येगळे, पण अहमदनगरच्या विरोधात दोघं एक झाले. राजाले धर्म नाही, शेजारी दिसते, बाबू."

स्वतः मात्र शेजारच्या शिंपीचाचांशी नालीवरून दोन वर्षं बोलत नव्हते. यंदा उन्हाळ्यात गल्लीचं पाणी बंद झालं, तेव्हा दोघं एकाच ऑटोत नगरपालिकेत गेले आणि साहेबाशी एका सुरात भांडले. पाणी आलं.

"आता दोस्ती काय, सर?" मी विचारलं.

"दोस्ती कावून? तह हाये फक्त."

दुसऱ्या दिवशी ते ओट्यावर बसून चांगल्या पँटची शिवण उसवत होते. मग ती घेऊन चाचांच्या दुकानात गेले.