वीस मिनिटांचं वायफाय

माझ्या थोरल्या भावाला मी एकदा कॅम्पसचं वायफाय दिलं. ऐकायला काय, साधीच गोष्ट. पण पाहुण्यांच्या नोंदणीचं ते पान उघडलं की अजून मला तोंड लपवावंसं वाटतं.

आमचं गाव टाकवे बुद्रुक. मी फार लांब गेले नाही. आंबीच्या पुढे डोंगराच्या आडोशाला एक खाजगी विद्यापीठ आहे, तिथे शिकवते. दादा शेती करतो आणि स्वतःच्या पिकअपमधून इंद्रायणी तांदूळ घरोघर पोचवतो. माझ्या विभागातले चौघे त्याचाच तांदूळ घेतात. पण तो माझा सख्खा भाऊ, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. "आमच्या गावचे एक आहेत," एवढंच. का? तर शरम वाटायची, दुसरं काय! ज्याने बारावी ते एमएस्सी मला मोटरसायकलवरून कान्हे स्टेशनला सोडलं आणि संध्याकाळी परत आणलं, त्याची शरम. कसली मेली मी!

त्या दुपारी तो पोती खाली उतरवून थेट वर आला. कॉरिडॉरमध्येच मला गाठलं.

"बाय, गावात दोन दिस लाईट न्हाई, टावर बंद. पोरीचं ॲडमिशन आज पाचच्या आत पक्कं करायचंय. तिचा एक दाखला चढवायचा ऱ्हायलाय. हितं मेसेज येतुया, पर नेट चालंना. तुमचं वायफाय दे की. आज न्हाई झालं तर जागा गेली बघ."

चार वाजत आले होते. म्हटलं, चल. स्टाफरूमच्या दारात त्याने चपला काढल्या. तिथे कोणी चपला काढत नाही. आत पुण्याहून नव्याने आलेल्या एक मॅडम बसल्या होत्या. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुमचे ड्रायव्हर वाटतं?"

मी हसले. नाही म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण मी नुसती हसले.

खरं तर त्याला माझ्या कॉम्प्युटरवर बसवलं असतं तरी पाच मिनिटांत काम झालं असतं. पण शर्टाला पोत्यांची धूळ लागलेला माणूस माझ्या खुर्चीत बसलेला मला नको होता. आमच्याकडे पाहुण्याला वायफाय द्यायचं तर कर्मचाऱ्याने आपल्या नावावर द्यायचं, म्हणून ते पान उघडलं. दादाचं नाव टाकलं, मोबाईल नंबर टाकला. मग पाहुणा कोण, ते निवडायचं होतं: पालक, नातेवाईक, व्याख्याते, पुरवठादार, ड्रायव्हर. मॅडम चहाचा कप घेऊन माझ्या मागेच येऊन उभ्या होत्या. 'नातेवाईक'वर गेलेला बाण मी खाली ओढला.

ड्रायव्हर.

दादाचा फोन वाजला. पासवर्डचा मेसेज आला होता. माझ्या डोक्यातच आलं नव्हतं की सगळी नोंद त्या मेसेजमध्ये जाते. इंग्रजी मेसेज, पण दादा दहावी झालाय, एवढं त्याला वाचता येतं. त्याने तो जरा जास्तच वेळ वाचला. मग पासवर्ड टाकला आणि खाली मान घालून कामाला लागला. मी स्वतःला समजावलं, नसेल वाचलं, नसेल.

साईट रडतखडत चालली होती. दाखला चढतोय, चढतोय, आणि अचानक नेट गेलं. वीस मिनिटं झाली होती. नातेवाईकाला दिवसभर वायफाय मिळतं, ड्रायव्हरला वीसच मिनिटं, हे मला तेव्हा कळलं.

"गेलं गं," तो म्हणाला. आवाजात राग नाही, काही नाही. "ड्रायव्हरला एवढंच देत असतील."

अगं आई गं! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. मी उठले, म्हटलं थांब, परत देते. त्याने मॅडमकडे एक नजर टाकली आणि हळूच म्हणाला, "नगं. तुझी पंचाईत व्हईल. खाली मोठ्या रस्त्याला रेंज घावंल, जातो."

चपला पायात सरकवून तो जवळजवळ पळतच खाली गेला. मी खिडकीशी उभी, डोळे घड्याळावर. पोरीची जागा गेली असती तर ती मी घालवली असती, माझ्याच भावाच्या पोरीची. पाचला सहा मिनिटं कमी असताना फोन आला. "झालं गं, बाय." मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

भाची आता लोणावळ्याला कॉलेजात जाते. पहिल्याच आठवड्यात पेढे घेऊन आली, पाया पडली. "आत्या, तुझ्या वायफायमुळं झालं. बाबांनी सांगितलं." दादाने घरी असं सांगितलं होतं!

जनाची लाज मी इतकी सांभाळली की मनाची उरलीच नाही. वाटलं होतं, पुढच्या वेळी तो आला की सगळ्यांसमोर सांगेन, हा माझा दादा.

दिवाळीआधी गेटवरून फोन आला. "मॅडम, तुमचे ड्रायव्हर आलेत तांदूळ घेऊन."

"ड्रायव्हर? कोणी सांगितलं?"

"त्यांनीच सांगितलं, मॅडम. सोडू का आत?"

त्या पुण्याच्या मॅडम समोरच बसल्या होत्या. मी म्हणाले, "हो. सोडा."