टॉवेलमावशीची चौथी खेप

चादर अर्धीच पिळून झाली होती. एक टोक मावशीच्या हातात आणि दुसरं काकांच्या. काका जोर लावून पीळ देत असताना मावशीने मध्येच हात सोडला. चादर धपकन बादलीत पडली आणि साबणाचं पाणी काकांच्या चष्म्यावर उडालं.

"अगं, सोडलीस का?"

"हात घसरला," मावशी म्हणाली आणि एका पायाला दुसऱ्याची अढी घालून भिंतीला टेकली.

हात काही घसरला नव्हता. खाज सुटली होती. ती सुटायची जागाही अशी, की चारचौघांत सोडाच, पस्तीस वर्षांच्या नवऱ्यादेखत तिथे हात नेण्याची सोय नाही. मावशीने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. बोटांवर तीनदा मोजून पाहिलं. तिन्ही वेळा चारच आले.

आता या चारात एवढं घाबरण्यासारखं काय होतं, ते सांगायला हवं. मावशी पोहण्याच्या तलावावर बायकांच्या बाजूला कामाला होती. कपाटांच्या किल्ल्या द्यायच्या, टॉवेल मोजून द्यायचे, मोजून परत घ्यायचे. म्हणून ती टॉवेलमावशी. पण अठरा वर्षांत तिने टॉवेलांपेक्षा सल्लेच जास्त वाटले होते. एखादी मुलगी मान खाली घालून जवळ यायची आणि "मावशी, जरा…" म्हणून अडायची. त्या "जरा"वरूनच मावशी ओळखायची.

"लाजतेस काय? देवाने शरीर दिलं ते सगळंच दिलं, वरचंच नाही दिलं. पहिलीच वेळ का?"

पहिली वेळ असेल तर आधी डॉक्टर, कारण दुखणं हेच की दुसरं, हे आपलं आपण ठरवायचं नाही. पोटात दुखतंय का, ताप आहे का, घाण वास येतो का, दिवस गेलेत का? एकालाही हो आलं की डॉक्टर. नुसती ओळखीचीच खाज असली तर मात्र औषधाच्या दुकानात जायचं. "मलम एका दिवसाचं मिळतं, तीन दिवसांचं मिळतं, सात दिवसांचं मिळतं. गुण सगळ्यांचा सारखाच. एका दिवसाचं जरा जहाल, आग करतं कधीकधी. सात दिवसांचं सोशिक. पण दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून ट्यूब फेकायची नाही, पुरती संपवायची. आणि ओल्या कपड्यात तासभर गप्पा मारत बसलीस तर माझ्याकडे रडत यायचं नाही."

शेवटचा नियम ती उभी राहून सांगायची. "वर्षात चौथ्यांदा झालं तर दुकानाची पायरी चढायची नाही. डॉक्टरकडे जायचं आणि रक्तातली साखर तपासून घ्यायची."

मावशीची ही स्वतःची चौथी खेप होती. आणि साखर या शब्दाला मावशी वाघाला भ्यावं तशी भ्यायची. तिच्या थोरल्या बहिणीला साखर निघाल्यापासून ताईच्या ताटावर सुनेचा पहारा बसला होता. ताईला बिस्कीटसुद्धा न्हाणीघरात दार लावून खावं लागे. मावशी तर चहात चार चमचे साखर घालणारी. तपासायलाच गेलं नाही तर निघणार कुठून, असा तिचा सरळ हिशोब होता.

म्हणून तीन खेपांना तिने तीन वेगळी दुकानं गाठली होती. आता चौथं, महिन्यापूर्वी उघडलेलं. चादर बादलीतच सोडून तिने डोक्याला ओढणी गुंडाळली, तोंडाला मास्क लावला, काकांचा काळा चष्मा चढवला. त्या चष्म्यातून तिला दुकानाचं काचेचं दार दिसलं नाही, ते कपाळाला लागल्यावर कळलं.

"मावशी, सावकाश," आतून आवाज आला.

गल्ल्यामागे पांढरा कोट घालून उभी होती ती सकाळच्या बॅचची मुलगी, जिला मावशीने दोन वर्षांपूर्वी पोहून झाल्यावर केस नीट पुसायला लावले होते आणि बोटं वर करून आपले ठरलेले प्रश्नही विचारले होते.

"ओळखलंस कसं?" मावशी मास्कमधून म्हणाली.

"चपलांवर तलावाचा नंबर आहे ना, रंगाने घातलेला."

मावशीने पाय एकमेकांमागे लपवले. ते जमण्यासारखं नव्हतं. "माझ्या जावेसाठी हवंय," ती हळूच म्हणाली. "जरा…"

"जरा म्हणजे कळलं." मुलीने बोटं वर केली. "जाऊबाईंची पहिलीच वेळ?"

"नाही."

"दिवस गेलेत?"

"एकसष्ट वर्षांची आहे ती."

"विचारावं लागतं. ताप? पोटदुखी? वास?"

"काही नाही. खाज, आणि फाटलेल्या दुधासारखं अंगावरून जातं." मागे एक गृहस्थ खोकल्याचं औषध न्यायला उभे होते. त्यांचा खोकला एकदम थांबला.

"आणि वर्षात कितवी खेप?"

मावशीला घाम फुटला. हा प्रश्न तिचा, विचारताना वर केलेली बोटंही तिचीच. "दुसरी," ती म्हणाली.

"मग द्यायला हरकत नाही. सात दिवसांचं देते, वयाला सोशिक बरं. तुमचेच प्रश्न आहेत मावशी, एक तरी चुकला का?"

"शंभरपैकी शंभर," मावशी म्हणाली आणि पुडी घेऊन बाहेर पडली. या वेळी दार आधी हाताने चाचपलं. मावशीला जाऊ नव्हतीच. काका आईबापांचे एकुलते एक. आता खोटं बोललं म्हणून देवाला काय वाटलं असेल, याचा विचार करत ती घरी पोचली. त्याच्यापासून तोंड लपवायला काळा चष्मा कामाचा नव्हता.

घरी काका स्टुलावर चढून गच्चीच्या दाराच्या बिजागरीत तेल सोडत होते. हातात पांढरी प्लास्टिकची बारीक नळी होती, मागून दाबायच्या दांडीची. मावशीने ती ओळखली आणि तिची पुडी हातातून निसटली.

"आणलंस का नवं?" काकांनी विचारलं.

"नवं काय?"

"मलम गं. काय नामी पिचकारी देतात त्याच्याबरोबर. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली, पण तेल सोडायला असं नेमकं हत्यार नव्हतं मिळालं. पहिलीने शिलाईचं मशीन झालं, दुसरीने कपाट, तिसरीने हे दार."

"कुठून काढल्यात?"

"कचऱ्याच्या पिशवीतून. तू धुऊन टाकतेस, मी पुन्हा उकळून घेतो. चांगली वस्तू टाकवते कशी तुला?"

मावशी खाली बसली. "कशाची आहे ते माहीत आहे तुम्हाला?"

"खोक्यावर लिहिलंय की. घड्याळवाल्याला बारीक अक्षराची सवय असते." काका स्टुलावरून उतरले. "तू बोलली नाहीस, म्हणून मीही बोललो नाही. पण आज ही चौथी. चौथीला तू त्या पोरींना काय सांगतेस? रोज जेवताना ऐकतो मी, मला पाठ आहे."

"साखर निघाली तर?"

"निघाली तर निघाली. गोळ्या असतात, पथ्य असतं. न तपासल्याने कमी होत असती तर डॉक्टर उपाशी मेले असते."

"ताईचं काय झालंय ते पाहताय ना?"

"ताईवर सून पहारा करते. तुझ्यावर मी करणार, आणि मला बसल्या जागी डुलकी लागते. तुझं नशीब थोर आहे."

मावशीला हसू आलं. हसता हसता डोळे पुसले. मग तिने पुडी उचलून जशीच्या तशी कपाटात ठेवली.

"फोडत नाहीस?"

"डॉक्टरीणबाई बघतील तेव्हा ठरेल. चौथीला दुकानातलं नाही."

काका थोडे हिरमुसले. त्यांना पंख्यात तेल सोडायचं होतं. पण ते बादलीकडे वळले आणि चादरीचं एक टोक त्यांनी तिच्या हातात दिलं. या वेळी पीळ शेवटपर्यंत बसला.

रात्री मावशीने डॉक्टरीणबाईंना फोन करून वेळ घेतली आणि चौथी खेप आहे हे मोजून खरं सांगितलं. सकाळी तलावावर जायच्या आधी, उपाशीपोटी आणि चहासुद्धा न घेता, तिला रक्त तपासायला द्यायचं होतं.