पाय थांबत नव्हते तेव्हा

नवी पेठेतल्या साड्यांच्या दुकानात माझी नोकरी म्हणजे दिवसभर गादीवर मांडी घालून बसायचं. बारा वर्षं बसलो. मग आजारी पडलो. आपल्याबद्दल कुणीतरी बोलतंय असं सतत ऐकू यायचं, गिऱ्हाईकसुद्धा पाळतीवर असल्यासारखं वाटायचं. मानसोपचाराच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पुढं थोड्या वाढवल्या, आणि ते आवाज विरले. घरात सगळे हसायला लागले.

त्याच आठवड्यात पाय सुरू झाले. दुखत नव्हते, पण आतून कुणी ढकलत असल्यासारखे. गिऱ्हाईकासमोर साडी अर्धी उलगडून मी उठायचो, दारापर्यंत जायचो, परत यायचो. बसलो की उठावंसं वाटे, उठलो की बसावंसं. मालक म्हणाले, "थोडे दिवस घरी विश्रांती घ्या." विश्रांतीच तर जमत नव्हती.

बायकोला वाटलं, आजार उलटला. मलाही तसंच वाटलं. आई घरात कानडी बोलते. ती म्हणायची, "सुम्न कुंद्रू." म्हणजे गप बस. एकदा मी तिच्यावर ओरडलो, "बसता येत असतं तर बसलो नसतो का?"

शेवटी एका सकाळी गोळी जिभेखाली धरली आणि मोरीत थुंकली. मागं आई उभी होती. ती रागावली नाही. तिनं विचारलं, "ही चुळबूळ मनातून येते का पायातून?"

मला विचार करावा लागला. "पायातून. मनात काही नाही. आवाजही नाहीत."

"हे डॉक्टरांना सांगितलंस?"

नव्हतं सांगितलं. गोळ्या आणखी वाढवतील, नाहीतर दवाखान्यात ठेवून घेतील, अशी भीती होती.

त्याच दिवशी आम्ही दोघं गेलो. डॉक्टरांनी मला खुर्चीवर बसवलं, मग उभं केलं आणि नुसते पाय बघत राहिले. "हे आजाराचं नाही, गोळीचं आहे," ते म्हणाले. "बऱ्याच जणांना होतं. कमी करता येतं. पण मनानं गोळी सोडायची नाही, आधी मला सांगायचं." मला तिथंच रडू आलं. आपण वेडे होत नव्हतो, एवढं कुणीतरी सांगायला हवं होतं.

त्यांनी गोळी कमी केली, जोडीला दुसरी दिली. चार-पाच दिवस काहीच फरक नाही. मग एका दुपारी बायको ताट उचलताना म्हणाली, "आज तुम्ही सगळं जेवण बसून केलंत." माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

महिन्याभरानं दुकानात गेलो आणि मालकांना आजारासकट सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, "मग मधूनमधून उठत जा की! साड्या कुठं पळून चालल्यात?"

हल्ली घडी घालताना बोटं जराशी थरथरतात. दिसलं त्याच दिवशी डॉक्टरांना फोन केला. बघू म्हणालेत.