लाल रेघेपर्यंत पाणी

मेणबत्त्या विझल्या आणि त्यानंतर पाणी चढायला लागलं. नेमकं हेच मला दाखवायचं होतं. खरेदी कमिटीतल्या एक्सपर्ट साहेबांना मात्र ते मुळीच आवडलं नाही. शाळांना सायन्स किट पुरवायच्या ऑर्डरसाठी आमचा डेमो चालला होता. हे साहेब कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. म्हणाले, पाणी बरणीच्या एक पंचमांशच चढायला हवं, हे जास्त चढलंय, म्हणजे किटमध्ये दोष आहे.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. जयपूरच्या विश्वकर्मा इंडस्ट्रियल एरियात शाळांसाठी प्रयोगाचं सामान बनवणारी एक छोटी फॅक्टरी होती, तिथे मी डिझायनर होतो. बायको विमा कंपनीत ऑफिसर. तिची बदली जयपूरला झाली म्हणून मी साताऱ्याच्या कॉलेजातली डेमॉन्स्ट्रेटरची नोकरी सोडून तिच्या मागोमाग आलो. नातेवाइकांना याचं फार हसू यायचं. मला नाही यायचं.

मालक खंडेलवालजींनी मला सांगितलं होतं, असं किट बनवा की मूल ते घरी नेऊन एकटं करत बसेल. मी जीव ओतून बनवलं. फुगा, भिंग, आरसा, काचेची बरणी, मेणबत्त्या, सगळं साधंसुधं. सोबतच्या पुस्तिकेत मी उत्तरं मुद्दाम छापली नव्हती. करून बघ आणि काय दिसलं ते लिही, एवढंच. मुलाने आधी स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवावा आणि मग पुस्तकावर, हा माझा हट्ट होता. सगळं किट त्या हट्टावर उभं होतं.

प्रयोग सोपा आहे. परातीत थोडं पाणी घ्यायचं, मध्ये मेणबत्ती पेटवायची आणि तिच्यावर बरणी पालथी घालायची. मेणबत्ती विझते आणि पाणी बरणीत चढतं. पुस्तकात लिहिलेलं असायचं की हवेत एक पंचमांश ऑक्सिजन असतो, तो जळून संपतो, म्हणून तेवढंच पाणी चढतं. ऐकायला छान वाटतं. पण तसं असतं तर मेणबत्ती जळत असतानाच पाणी हळूहळू चढत गेलं असतं. ते भराभर चढतं विझल्यावर. कारण ज्योतीने हवा तापते, फुगते, त्यातली थोडी बुडबुडे होऊन बाहेर पळते. ज्योत विझली की आतली हवा गार होऊन आकसते आणि रिकाम्या जागेत पाणी शिरतं. एकाऐवजी दोन मेणबत्त्या लावा, हवा जास्त तापते आणि पाणी जास्त चढतं. बरणीतला ऑक्सिजन काही वाढलेला नसतो. जयपूरच्या सोडाला भागातल्या आमच्या घरात माझी मुलगी मंजिरी हा प्रयोग ओट्यावर इतक्यांदा करायची की परातीचं मेण खरवडून तिची आई वैतागली होती.

डेमोतही मी दोन मेणबत्त्या लावल्या होत्या. साहेबांना म्हटलं, आता एकच लावून बघू, मग फरक आपोआप दिसेल. ते घड्याळाकडे बघत म्हणाले, त्यात बघायचं काय, पुस्तकात दिलेलंच आहे. मी कपाळाला हात लावायचा बाकी होतो.

कमिटी गेल्यावर खंडेलवालजींनी केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर भांडायला सोपं गेलं असतं. ऑर्डर मिळेल म्हणाले, फक्त बरणी सुधारा. एक पंचमांशावर लाल रेघ मारा, आणि मेणबत्ती अशी निवडा की पाणी बरोबर रेघेपाशी थांबेल. पुस्तिकेत उत्तरही छापून टाका.

मी म्हटलं, "ही तर मुलांची फसवणूक झाली."

"पाटणकरजी," ते शांतपणे म्हणाले, "बच्चा किताब से पास होता है, पानी से नहीं."

मी नाही म्हणालो. त्यांनी आवाजसुद्धा चढवला नाही. दुसऱ्या दिवशी मला पॅकिंगला बसवलं आणि मेणबत्तीचं काम सुपरवायझरकडे गेलं. त्याने जाड, बारीक, उंच, ठेंगण्या अशा मेणबत्त्या पुन्हा पुन्हा जाळून हवी ती शोधून काढली. इतकं चिकाटीचं प्रयोगकाम मी कॉलेजातही पाहिलं नव्हतं. फक्त उत्तर आधीच ठरलेलं होतं. ते बघताना माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची, आणि मी पेंढ्यात बरण्या गुंडाळत बसायचो. ऑर्डर मिळाली, हे सांगायला नकोच.

पुढच्या वर्षी ते किट मंजिरीच्याच शाळेत पोचलं. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा मी विचारलं, कसा झाला प्रयोग? तिने सरळ सांगून टाकलं. सवयीने तिने दोन मेणबत्त्या लावल्या होत्या. पाणी रेघेच्या वर गेलं. टीचर म्हणाल्या, गलत आहे, एक लावून परत कर. तिने परत केलं. पाणी रेघेपाशी थांबलं आणि तिला 'गुड' मिळालं.

"मग दोन लावल्यावर जास्त का चढतं, हे टीचरना विचारलं नाहीस?"

"पप्पा, ते मतलब घरचं असतं ना," ती मला समजावत म्हणाली. "स्कूलमध्ये लाइनपर्यंतच चढवायचं असतं."

ती चिडली नव्हती, रडली नव्हती. तिला ते पटलं होतं, आणि मला तेच सहन होत नव्हतं. मी तिला पुन्हा सगळं समजावून सांगितलं. तिने मान डोलावली आणि होमवर्क काढून बसली. त्यानंतर तिने ओट्यावर परात कधी मांडली नाही. आईला बरंच वाटलं.

मी ती फॅक्टरी सोडली, पण किट पुढेही जोरात खपत राहिलं. माझ्या कानावर तरी त्या बरणीबद्दल एकाही शाळेची तक्रार आली नाही. येणार कशी? प्रयोग कधी चुकतच नव्हता.

घरी मुलांना हा प्रयोग करू देणार असाल तर जवळ बसा, आगीचं काम आहे. मेणबत्त्या दोन द्या. आणि बरणीवर कोणी आधीच रेघ मारून ठेवली नाही ना, तेवढं बघून घ्या.