बाळंतिणीच्या खोलीचं दार

माझ्या थोरल्या बहिणीचा घात झाला तो बाळंतपणाच्या आठव्या दिवशी, सकाळी तिला न्हाऊ घातल्यावर. ओव्याच्या धुरीचा वास कुठंही आला की ती खोली अजून माझ्यापुढं उभी राहते. बाजेखाली कोळशाची शेगडी होती आणि दार लावलेलं. "फटीत चिंध्या कोंब, वारं लागंल तिला," आई म्हणाली, आणि मी कोंबल्या. बहीण हसली, "शिजवायलाव का काय मला?" लेकरू तेवढं मावशीच्या मांडीवर अंगणात होतं. तासाभरानं दार उघडलं तर बहीण हाकेला ओ देईना. अंबाजोगाईच्या दवाखान्यात ऑक्सिजन लावला, चौथ्या दिवशी ती चालत घरी आली. नजर उतरली म्हणून आईनं गूळ वाटला. तीन आठवड्यांनी बहिणीनं लेकराकडं बघून विचारलं, "हे कुणाचं हाय?" डॉक्टर म्हणाले, कोळशाच्या विषारी वायूनं मेंदूला झालेली इजा कधीकधी अशी उशिरा दिसते. बाळंतिणीच्या काळजीबद्दल घरी आलेल्या एकाही सरकारी पत्रकात शेगडीबद्दल एक ओळ नव्हती. आता ते लेकरू शाळेत जातं आणि ती रोज त्याला नाव विचारते. आशाताई म्हणून ती पत्रकं आता मी घरोघरी वाटते; ती ओळ त्यांत अजून नाही. तुमच्या घरात बाळंतीण असेल तर पत्रक बाजूला ठेवा, आत्ता उठा, शेगडी बाहेर काढा आणि दार उघडा.