काचेमागचं वेळापत्रक

"मॅडम, ती फ्रेम काडूंक मेळची ना," हेडमास्तर म्हणाले. "इन्स्पेक्शनाक दाखोवपाची आसा."

ती काढायलाच मी स्टुलावर चढून एक हात फ्रेमला लावला होता. खाली वर्गशिक्षिका शिल्पा टीचर अवघडून उभ्या होत्या. त्यांनी बिचाऱ्यांनी मेहनत घेतली होती.

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यात रिसोर्स टीचर होते. विशेष मुलांबद्दल संशोधन काय सांगतं ते वर्गात कसं वापरायचं, हे शिक्षकांना दाखवायचं, एवढंच माझं काम. या शाळेत दुसरीत चिन्मयी होती. तिला ऑटिझम. एक तास संपून दुसरा लागला की ती कान दाबून किंचाळायची. पुढे काय होणार हे कळत नसल्यामुळे घाबरायची. मग शाळा तिच्या आईला फोन करायची आणि आई तिला घरी न्यायची.

कुटुंब सिंधुदुर्गातलं. बाप खाणीवर ट्रक चालवायचा, आई काजूच्या कारखान्यात होती. रोज अर्ध्यावर काम टाकून जाणाऱ्या बाईला कोण ठेवून घेणार? हेडमास्तरांनीही सांगून टाकलं होतं, महिनाअखेरपर्यंत फरक पडला नाही तर पणजीची विशेष मुलांची शाळा बघा. रोज पणजीला नेणार कोण, हे कुणी विचारलं नव्हतं.

म्हणून मी चित्रांचं वेळापत्रक सुचवलं. प्रार्थना, गणित, मधल्या सुट्टीत शाळेत मिळणारी पावभाजी, खेळ, घर. प्रत्येकाचा एक फोटो, ओळीने लावलेला. एक गोष्ट संपली की मुलाने स्वतः ते कार्ड काढून डब्यात टाकायचं. हाताला कळतं, हे संपलं, आता ते.

पुढच्या भेटीला येऊन बघते तर काय, फोटो सुरेख छापलेले, काचेच्या फ्रेममध्ये बसवलेले आणि सरस्वतीच्या तसबिरीशेजारी टांगलेले. वर झेंडूचा हार. मान द्यायची वस्तू आपण उंच लावतो, आणि या शाळेने माझ्या वेळापत्रकाला पुरेपूर मान दिला होता. खाली चिन्मयी किंचाळत होती. मला राग आला.

"सर, ही काचेत ठेवायची गोष्ट नाही. तिच्या हाताला लागली पाहिजे."

"ती फाडतली."

"फाडू दे. दुसरी करू. इन्स्पेक्शनला चिन्मयीच शाळेत नसेल, तर ही फ्रेम कुणासाठी म्हणून दाखवणार?"

हेडमास्तरांनी हार उतरवला आणि माझं स्टूल धरलं.

कार्डं वेलक्रोने तिच्या बाकावर चिकटवली. तिने गणित भिरकावलं आणि पावभाजीचा कोपरा चावून टाकला. दोन-तीन दिवसांनी शिल्पा टीचरचा फोन आला. "मॅडम, काय उपेग ना. आज परत आवयक आपयली." म्हणजे आईला पुन्हा बोलावलं होतं. मी जाऊन सगळी कार्डं काढली आणि दोनच ठेवली. आता गणित, मग पावभाजी. एवढं तिला पेललं. तिसरं कार्ड आम्ही घाई न करता वाढवलं.

महिना संपत आला तेव्हा मी वर्गात मागे बसले होते. घंटा झाली. चिन्मयीने गणिताचं कार्ड उपटलं, डब्यात टाकलं, पावभाजीच्या चावलेल्या कार्डाकडे पाहिलं आणि हात धुवायला निघाली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तसं मी आधीच बजावलं होतं.

मुलं व्हरांड्यात खायला बसली, तेवढ्यात गेटवर तिची आई दिसली. हात काजूच्या चिकाने काळे, धावत आल्यामुळे धाप लागलेली.

"मॅडम, तीन दिस झाले, शाळेतसून फोनच नाय," ती म्हणाली. "म्हणान जेवणाच्या सुट्टीत बघूक इलंय. काय झालां माझ्या चेडवाक?"

मी व्हरांड्याकडे बोट दाखवलं. चिन्मयी इतर मुलांच्या रांगेत बसून पाव कुस्करत होती. आईने गजांतून बराच वेळ पाहिलं. हाक मारली नाही. मग पदराने तोंड पुसून कामावर परत गेली.

हेडमास्तरांनी पुढे पणजीचं नाव काढलं नाही. इन्स्पेक्शनला त्यांनी चावलेली कार्डंच दाखवली, जरा लाजत.

त्यानंतर कुठल्याही शाळेत गेले की मी आधी कार्डांचे कोपरे बघते. ते कोरे करकरीत असले, तर सरळ स्टूल मागवते.