नाक चढाला लावलेली जीप

काशीनाथ गेल्याची बातमी मला एसटीच्या कंडक्टरनं तिकिटाबरोबर दिली. "मोखाडा ना, गुरुजी? हां... आणि तुमचा तो सूर्यमाळचा जीपवाला गेला बरं का. कावीळ." टक् करून तिकीट फाडलं आणि तो पुढच्या सीटकडं वळला. जन्मभर मी थापा मारत आलो. क्षणभर वाटलं, माझीच विद्या कुणीतरी माझ्यावर उलटवतंय. पण कंडक्टरनं मागं वळून पाहिलं, आणि तो हसला नाही...

नव्वदच्या दशकात मी त्या बाजूच्या शाळेवर होतो. वरच्या पाड्यांना मोखाड्याच्या बाजाराला आणणारी एकच गाडी होती, काशीनाथची जुनी डिझेल जीप. तिच्यात माणसं किती बसत हे परमेश्वरालाही मोजता आलं नसतं. बोनेटवर बसलेल्या म्हाताऱ्याला काशीनाथ आतून ओरडायचा, "बाबा, डावीकडं वळू का उजवीकडं, तूच सांग, मला नुसती तुझी पाठ दिसते!" हे मी रंगवून सांगतोय असं वाटत असेल तर म्हाताऱ्याला विचारा; त्यानं मला सांगितलं, की वळणं त्यानंच घेतली. काशीनाथ मात्र माझ्या गोष्टी ऐकून मान हलवायचा. "गुरुजी, तुमच्या थापांवर इंजिन चाललं असतं ना, तर डिझेल भरायला मी जव्हारला गेलोच नसतो."

या जीपला एकच खोड. सकाळी उठायची नाही. थंडीत सूर्यमाळला कोंबडा आरवायला चोच उघडतो आणि ती दुपारपर्यंत मिटत नाही, तिथं बिचाऱ्या इंजिनाचं काय! काशीनाथनं बॅटरी बदलली, हीटर बदलले, इंजिनाखाली निखाऱ्यांची पाटी ठेवून शेक दिला. बायको म्हणायची, "बाळंतिणीची येवढी सेवा करत नाय कोणी. मला तर नायच केली!" जव्हारच्या मेकॅनिककडं नेली की घाट उतरून तापलेली जीप चावी फिरवताच पहिल्याच सेलला चालू. तो म्हणायचा, "चार दिवस ठेव इथं. सकाळी गार असताना बघू." पण गाडी चार दिवस खाली ठेवली तर वरची माणसं बाजाराला कशी येणार? शेवटी काशीनाथनं पहाडी उपाय काढला. रात्री गाडी उतारावर लावायची, नाक खाली, चाकापुढं धोंडा. सकाळी धोंडा काढला, गाडी जरा घरंगळली की इंजिन चालू. आजार गेला! "उतार हाय तवर मेकॅनिक कशाला?" असं तो छाती काढून सांगायचा, आणि मी ती गोष्ट तिखटमीठ लावून तालुकाभर सांगायचो.

आता पुढचं. यात मला काही वाढवता येत नाही.

त्याची धाकटी बहीण सोमी पलीकडच्या एका पाड्यावर दिलेली. एका थंडीत तो तिच्याकडं मुक्कामाला गेला. तिथं गाडी वळवून नाक उताराला करायला जागा नव्हती. अंगण चढाला, म्हणून जीप नाक वर करून लावली. पहाटे सोमीच्या लेकीला उलट्या सुरू झाल्या, उजाडताना पोर निपचित पडली. काशीनाथनं सेल मारला. मारतच राहिला. बॅटरी बसली. पाड्यावरचे गडी ढकलायला आले, पण मागं सोडावी तर वळणाखाली ओहोळ, आणि चढावर ती जीप कुणाला हलते? सोमी पोरीला पोटाशी धरून आत बसली होती. म्हणत होती, "दादा, व्हईल ना चालू? दादा...?" शेवटी पोरीला झोळीत घालून माणसं पायी निघाली. मोखाड्याचा दवाखाना दिसायच्या आधीच ती गेली.

काशीनाथनं त्यानंतर जीप तिथल्या तिथं उकलली. पंपाजवळच्या डिझेलच्या नळीला एक तांब्याची वायसर होती, नखाएवढी चकती. तिला केसासारखी चीर. रात्री त्या चिरेतून हवा शिरायची आणि नळीतलं डिझेल मागं टाकीत परत जायचं. सकाळी पंपाला प्यायला नुसती हवा. नाक उताराला असलं की टाकी वर राहायची, डिझेल पुढं टिकायचं. "गुरुजी," तो मला म्हणाला, "उतारानं गाडी बरी नव्हती केली. दुखणं झाकून ठेवलं व्हतं."

वायसर बदलली. त्या दिवसापासून त्यानं जीप उतारावर कधी लावली नाही. रोज रात्री नाक चढाला, चाकामागं धोंडा. लोक हसायचे, "काशा, डोस्कं फिरलं काय? उतार तं समोर हाय!" तो म्हणायचा, "तिला काय दुखत आसंल तं सकाळी मला कळू दे." रोज, पिढ्यान्पिढ्यांचा नेम असल्यासारखा. पाऊस असो, ताप असो.

सोमीनं त्याला कधी बोल लावला नाही. फक्त त्या जीपमध्ये पुन्हा बसली नाही. बाजाराच्या दिवशी डोक्यावर पाटी घेऊन ती रस्त्यानं चालायची, आणि तो तिच्या बाजूनं पहिल्या गिअरमध्ये रांगत जायचा. आतली माणसं ओरडायची, "आरं, बैलगाडी बरी!" तो गिअर बदलत नसे. ती पाऊलवाटेला लागली की मग वेग घ्यायचा.

काशीनाथच्या दिवसकार्याला मी वर गेलो. जीप घरासमोर उभी होती, नाक चढाला. त्यानं अंथरूण धरल्यापासून कुणी हात लावला नव्हता. माणसं पांगल्यावर सोमी जवळ आली. "गुरुजी, चालू करा." इतके दिवस उभी असलेली गाडी, आणि ही बाई समोर... मी चावी फिरवली.

पहिल्याच सेलला चालू झाली.

सोमीनं बोनेटवर तळवा ठेवला, कपाळ तापलंय का पाहावं तसा. बराच वेळ ठेवला. मग जीपलाच म्हणाली, "येवढंच तं पायजे व्हतं, दादा."

आणि पदर सावरून चालत निघाली. मी चावी बंद केली. खाली उतरून चाकामागचा धोंडा पायानं आणखी आत सारला... गाडी तशीच ठेवली, नाक वर करून.